धक्क्यावर शेजारी कोण होतं

नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला, आमच्या वरच्या मजल्यावर एक डच आजी राहायच्या. डचमध्ये आजीला ओमा म्हणतात, म्हणून माझी मुलगी त्यांना ओमा म्हणायची, आणि तिचं ऐकून मी आणि माझा नवराही तसंच म्हणायला लागलो. उंच, सडसडीत बाई. पाठ ताठ. दिवाळीत फराळाचं ताट दिलं की त्या चकली हातात फिरवून बघत आणि ‘हे काटेरी बिस्किट’ म्हणून कौतुकानं खात. पण स्वतःबद्दल कधी काही बोलत नसत. नवरा वारलाय एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

त्या वर्षी शाळेच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत कुठे जायचं ते आमचं ठरत नव्हतं. जिन्यात भेटल्या तेव्हा ओमा म्हणाल्या, “ऑस्ट्रियात माझं घर आहे. तळ्याकाठी. तिथं जा.”

मला वाटलं, एखादी खोली असेल. पण त्यांनी फोटो दाखवला तर चांगला दुमजली व्हिला होता. खाली दगडी, वर काळपट लाकूड, मागे डोंगर, आणि समोर गवत उतरत थेट पाण्यापर्यंत गेलेलं. त्यांच्या सासूचं घर. उन्हाळ्यात गावातली एक बाई ते पर्यटकांना भाड्यानं द्यायची, पण ऑक्टोबरात कुणी फिरकत नसे.

“भाडं मात्र घेईन हं,” त्या म्हणाल्या. “फुकट दिलेल्या घराला लोक जपत नाहीत.” मग किल्ली देताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. “एक काम करायचं. पाण्यात एक लाकडी धक्का गेलाय. त्याच्या टोकाला दिवा आहे. अंधार पडायच्या आत तो लावायचा. रोज.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडेही तिन्हीसांजेला दिवा लागतोच.

जर्मनीत एक रात्र मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. गाडीतून उतरले आणि पहिल्यांदा जाणवली ती शांतता. नेदरलँड्समध्ये कुठेही जा, लांबून का होईना, हायवेची घरघर असतेच. इथं काहीच नाही. तळं इतकं स्थिर होतं की समोरचा डोंगर त्यात उलटा उभा होता आणि खरा कुठला, हे क्षणभर कळेना. काठावरची बाकीची घरं बंद. शेजारचं हॉटेलही सीझन संपल्यामुळे बंद, खिडक्यांना फळ्या लावलेल्या.

घरात जुन्या लाकडाचा आणि सफरचंदांचा वास होता. नवऱ्यानं टाइलची मोठी शेगडी पेटवली, मी कुकर लावला, मुलगी वरच्या खोल्यांमधून धावत सुटली आणि प्रत्येक खोलीतून ओरडून काहीतरी डचमध्ये सांगत राहिली. मी मराठीत विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची. आमच्या घरातलं बोलणं हे असंच.

संध्याकाळी मी शाल घेऊन धक्क्यावर गेले. टोकाला एक लाकडी बाक, बाकाशेजारी खांब आणि खांबावर पितळी जाळीचा दिवा. बटण दाबल्यावर पिवळा उजेड पाण्यावर पसरला. लगेच परत यायचं मनात होतं, पण बसले.

बाबा गेल्यापासून मी अशी कुठे नुसती बसलेच नव्हते. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. माझं सगळं लहानपण धरणाच्या कॉलनीत गेलं. रोज संध्याकाळी ते धरणाच्या भिंतीवर जाऊन बसायचे, गळ्यात करड्या रंगाचा मफलर, खिशात भाजलेल्या शेंगा. मी शेजारी. ते एक शेंग सोडायचे, दाणे माझ्या हातावर ठेवायचे आणि पाण्याकडे बघत राहायचे. बोलणं असं नाहीच.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. विमानं बंद होती. माझ्या चुलतभावानं स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला होता. रायस्वाइकच्या स्वयंपाकघरात फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून मी उभी होते. रेंज गेली आणि चित्र थांबलं. पांढरं कापड, कुणाचा तरी वाकलेला खांदा आणि कोपऱ्यात एक कुत्रं. बराच वेळ तेवढंच दिसत राहिलं. पुन्हा चित्र हललं तेव्हा सगळं आटोपलं होतं. माझ्यासाठी बाबा त्या थांबलेल्या चित्रापाशीच राहिलेत, असं मला अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही समोरच्या काठाला चालत गेलो आणि परतायला उशीर झाला. दारातून आत शिरतोय तोच फोन वाजला. ओमा होत्या.

“दिवा लागला नाही.”

मी धावत जाऊन दिवा लावला, परत आले आणि विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

शेजारच्या हॉटेलच्या छपरावर हवामानासाठी बसवलेला वेबकॅम होता. त्याचं चित्र इंटरनेटवर कुणालाही दिसतं, दर थोड्या वेळानं नवं येतं. कोपऱ्यात आमच्या व्हिलाचा धक्का येतो. ओमा रोज संध्याकाळी रायस्वाइकच्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत टॅब्लेट मांडीवर घेऊन ते बघत बसायच्या.

“माझा नवरा तिथं पोहायला जायचा,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. “ऑगस्ट होता. संध्याकाळी जेवणाआधी पाण्यात उतरला. मी बटाटे उकडत होते. टॉवेल बाकावर होता, चपला बाकाखाली होत्या. तो मिळाला नाही. पाणबुडे आले, सगळं झालं. हे तळं खूप खोल आहे, ते कधी कधी माणूस परत देत नाही.”

मी खिडकीतून धक्क्याकडे बघितलं.

“दिवा त्याच्यासाठी आहे,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नवरा वैतागला. “म्हणजे आपण सुट्टीत कॅमेऱ्यासमोर बसलोय?”

“धक्क्यावर गेलं तरच.”

“मग जाऊ नकोस.”

पण मी गेले. तिसऱ्या संध्याकाळी मुद्दाम लवकर गेले. धुकं डोंगरावरून खाली उतरलं होतं आणि पाण्यावर हातभर उंचीवर तरंगत होतं. मी बाकाच्या डाव्या टोकाला बसले, दिव्याजवळ. उजवीकडची जागा मोकळी. का कोण जाणे, मला फार बरं वाटत होतं. रडू येत होतं, पण त्यात जळजळ नव्हती.

आत आले तर पुन्हा ओमांचा फोन.

“तुझे सासरे आलेत का सोबत?”

“नाही. आम्ही तिघंच.”

“मग तुझ्या शेजारी बसतात ते गृहस्थ कोण? परवा पण होते.”

“माझ्या शेजारी कुणी नव्हतं, ओमा.”

“म्हातारे. जरा वाकलेले. गळ्याला काहीतरी गुंडाळलेलं.”

मी हातातला चहाचा कप ओट्यावर ठेवला. खिडकीतून धक्का दिसत होता, दिव्याचा पिवळा गोल आणि त्याखाली रिकामा बाक. ओमा पलीकडून “हॅलो, हॅलो” म्हणत होत्या. मी त्यांना बाबांबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. मफलरबद्दल तर नवऱ्यालाही कधी बोलल्याचं आठवत नाही.

मी पुन्हा धक्क्यावर गेले. नवरा टॉर्च घेऊन मागोमाग आला. धुक्यानं सगळ्या फळ्या, खांब, कठडा, सगळं ओलंचिंब होतं. बाकावर हात फिरवला. मी बसले होते ती डावीकडची जागा कोरडी होती. मधे ओलं. आणि उजवीकडे तेवढीच आणखी एक जागा, कोरडी.

“तू सरकून बसली असशील,” नवरा म्हणाला.

“मी जागची हलले नाही.”

त्यानं टॉर्च बंद केला. तो इंजिनिअर आहे, तपासल्याशिवाय सोडणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला तिथं बसायला लावलं आणि स्वतः घरात लॅपटॉपवर वेबकॅम उघडला. मुलगी त्याच्या खुर्चीमागे उभी. मी परतले तेव्हा त्यानं चित्र दाखवलं. दिव्याजवळ मी होते, शालीच्या लाल रंगावरून ओळखू येत होते. माझ्या शेजारी एक करडा डाग होता. मोठं करून बघितलं की डागाचे चौकोन होत आणि चौकोनांचं काहीच होत नसे.

“धुकं आहे,” तो म्हणाला. “पिक्सेल आहेत.”

मुलीनं बराच वेळ बघितलं आणि डचमध्ये विचारलं, “ते आजोबा आत का नाही येत?”

तिनं बाबांना पाहिलं होतं तेव्हा ती अगदी लहान होती. नवऱ्यानं लॅपटॉप मिटला. त्या विषयावर तो त्या सुट्टीत पुन्हा काही बोलला नाही, पण मी धक्क्याकडे निघाले की माझ्या हातात टॉर्च देऊन दारात उभा राहायचा, मी परत येईपर्यंत.

आईला सांगावं की नाही, ठरत नव्हतं. ती साताऱ्याला एकटी राहते. शेवटी फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती घाबरेल, नाहीतर नारायण नागबळी वगैरे काढेल.

“मफलर होता ना गळ्यात?” तिनं विचारलं.

“ओमा म्हणाल्या तसं.”

“मग बरं. तिकडं थंडी फार असेल.” मग थोडं थांबून, “माझ्याकडं नाही आले हो एकदाही. पण तुला भेटायचं राहिलं होतं ना त्यांचं.”

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि जाणूनबुजून उजवीकडे न बघता बसले. बघितलं तर काही नसेल, ही भीती होती. असेल, ही भीती त्याहून कमी होती. पाणी फळ्यांखाली चुबुक चुबुक वाजत होतं. अंधारून आल्यावर मी हळूच म्हणाले, “बाबा, उद्या निघतोय आम्ही.” आणि उठले.

ते माझे वारलेले बाबा, हे मी ओमांना मधल्या एका फोनवर सांगितलं होतं. त्या रात्री त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येईना.

“आज पण होते ते?” मी विचारलं.

“होता.” मग त्या म्हणाल्या, “तू तिथं चार दिवस बसलीस आणि तुझा आला. मी इतकी वर्षं बघतेय. एक संध्याकाळ चुकवली नाही. माझा कधीच आला नाही.”

फोन बंद झाला.

रायस्वाइकला परत आल्यावर मी किल्ली द्यायला वर गेले. ओमांनी दार साखळीएवढंच उघडलं, फटीतून हात बाहेर काढला, किल्ली घेतली आणि ‘धन्यवाद’ म्हणून दार लावलं. त्या दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन गेले, तर घरात असून त्यांनी दार उघडलं नाही. ताट मी पायपुसण्यावर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी ते आमच्या दाराशी होतं, धुतलेलं, रिकामं. म्हणजे खाल्लं होतं. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

हिवाळाभर हे असंच चाललं. लिफ्टमध्ये भेटल्या तर मान हलवायच्या. मला त्यांचा राग कळत होता आणि त्यावर काही करता येत नव्हतं. माझ्याकडे जे आलं ते मी बोलावलेलं नव्हतं, आणि वाटूनही देता येत नव्हतं.

फेब्रुवारीत त्या जिन्यावरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण पाय मुरगळला. मी रोज संध्याकाळी गरम काहीतरी घेऊन जायला लागले. पहिले काही दिवस त्या फक्त खायच्या. टॅब्लेट टेबलावर असायचा, त्यात ते तळं, बर्फानं पांढरं झालेलं, आणि धक्क्यावर अंधार. हिवाळ्यात दिवा लावायला तिथं कुणी नव्हतं.

एकदा मुगाचं कढण पिता पिता त्या म्हणाल्या, “मे महिन्यात मला तिथं घेऊन चल.”

“डॉक्टर काय म्हणतील?”

“त्याला विचारायचं नाही.”

नवऱ्याला वाटलं, मी वेडी झालेय. पण गाडी त्यानंच चालवली. ओमा पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, पाय लांब करून, आणि जवळजवळ सगळा रस्ता गप्प होत्या. घर दिसलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “हिरवा रंग कुणी दिला खिडक्यांना?”

संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही दोघी हळूहळू धक्क्यावर गेलो. मे महिना असला तरी डोंगरमाथ्यावर बर्फ होता. बाकावर त्या मधोमध बसल्या आणि मला डावीकडे बसवलं. उजवीकडे त्यांनी हातानं जागा चाचपली, मग तिथून हात उचलून मांडीवर घेतला.

“तुझा आलाय का?”

“मला दिसत नाहीत ते, ओमा. मला कधीच दिसले नव्हते. तुम्हालाच दिसायचे.”

“मग विचार त्याला. माझ्याबद्दल विचार. तुझ्या भाषेत.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या गंमत करत नव्हत्या. मला संकोच वाटला, हसूही आलं असतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही. मी रिकाम्या जागेकडे वळून म्हणाले, “बाबा, ह्या बाईंचे यजमान इथं पाण्यात गेले. फार वर्षं झाली. तुम्हाला कुठं दिसले का हो?”

मराठी त्या तळ्यावर ऐकायला विचित्र वाटली. फारच जवळची आणि फारच मोठ्यानं. समोरच्या काठावरून एक पक्षी उडाला. पाण्यावर एक लांब रेघ आली आणि धक्क्याखाली येऊन विरली. ओमा वाट बघत होत्या.

“काय म्हणाला?”

खोटं सांगणं सोपं होतं. ते बरे आहेत, तुमची आठवण काढतात, असलं काहीतरी. पण बाबांच्या तोंडी मला खोटं घालवेना.

“काही बोलले नाहीत,” मी म्हणाले. “बाबा पहिल्यापासून फार कमी बोलायचे.”

ओमा माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं, त्या रडतायत. त्या हसत होत्या. “माझाही,” त्या म्हणाल्या. “जेवताना तर एक शब्द नाही. मी रेडिओ लावायचे!” आणि मग अंधार पडेपर्यंत त्या त्याच्याबद्दल बोलल्या. तो किती वाईट गायचा, मोजे कसे कुठेही टाकायचा, पोहून आला की ओल्या अंगानं कसा मिठी मारायचा आणि त्या कशा ओरडायच्या. आमच्या सगळ्या शेजारपणात मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओमांना धक्क्यावर बसवून मी वर चादरी घालायला आले. मुलगी आणि नवरा पाव आणायला गावात गेले होते. खिडकीतून सहज बाहेर बघितलं तर ओमा धक्क्यावर नव्हत्या. बाकावर त्यांचा कोट होता, आणि बाकाखाली बूट, व्यवस्थित जोडून ठेवलेले.

मी कशी खाली धावले ते आठवत नाही. धक्क्याच्या टोकाशी पाण्यात उतरायची लोखंडी शिडी आहे. ओमा तिच्यावर उभ्या होत्या, कमरेपर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून. स्कर्ट पाण्यावर फुगला होता. ओठ निळे.

“ओमा! वर या!”

“येते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ओरडू नकोस.”

मी गुडघ्यांवर बसून त्यांना काखेत हात घालून ओढलं. त्या थरथरत होत्या, पण घाबरलेल्या नव्हत्या. मी कोट त्यांच्याभोवती गुंडाळत होते आणि त्या कुडकुडत बोलत होत्या.

“इतकी वर्षं मला वाटायचं, त्याला केवढी थंडी वाजली असेल. रात्री मी पांघरूण घेतलं की वाटायचं. आधी वाजते, पण मग तेवढी नाही वाजत. आणि तो तर ऑगस्टमध्ये गेला. तेव्हा पाणी ह्याहून कितीतरी उबदार असतं.”

मी त्यांना शेगडीपाशी बसवलं, केस पुसले, कोरडे कपडे घातले. पायातले ओले मोजे काढताना विचारलं, “मुरगळलेल्या पायानं शिडी कशी उतरलात? पडला असतात म्हणजे?”

“कोपराला धरलं होतं ना,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तूच आहेस.”

“मी वर होते.”

“हो. नंतर लक्षात आलं. तू खिडकीतून ओरडलीस तेव्हा.”

मी मोजे शेगडीजवळ वाळत घातले. मी खिडकीतून ओरडले नव्हते. तसं मी त्यांना सांगितलं नाही. कोण होतं, तेही विचारलं नाही. बाहेर गाडीचा आवाज आला, मुलगी पाव घेऊन धावत आत आली आणि घरात ताज्या पावाचा वास पसरला. रात्री ओमांनी खिचडी दोनदा मागून घेतली आणि शेगडीपाशीच खुर्चीत झोपी गेल्या. नवऱ्यानं त्यांच्या अंगावर रजई घातली.

त्या आता डेल्फ्टजवळ वृद्धांच्या घरात राहतात. व्हिला भाचीकडे गेला. मी महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांना भेटायला जाते. आम्ही तिथल्या जेवणाला नावं ठेवतो, माझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोलतो. तळ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढत नाही. फक्त एकदा निघताना त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, त्या दिवशी मी बाबांना जे बोलले, त्यातला ‘यजमान’ म्हणजे काय. मी सांगितलं. त्यांनी तो शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला आणि जमेपर्यंत स्वतः म्हणत राहिल्या.